बरणीवरच्या पट्टीखाली काय छापलं होतं

जळगावात मेहरूण तलावावर रोज सकाळी फिरायला जाणारे आणि मधुमेहाची गोळी चालू असलेले जे कोणी आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. मधुमेह्यांसाठीचं म्हणून गळ्यात मारलेल्या पीनट बटरच्या बरण्यांपायी आमचे २९९५ रुपये गेले, ते एक वेळ सोडून देईन. पण आमच्या यांचे अडीच महिने गेले आणि त्या अडीच महिन्यांत मी त्यांच्यावर जो संशय घेतला, तो मला अजून टोचतो.

जानेवारीत यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८.४ आली. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली आणि आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाईंचं म्हणणं सरळ होतं. भाकरी-पोळी निम्म्यावर आणा, भात आणि साबुदाणा बंद, केळी बंद, साखर-गूळ दोन्ही बंद. त्याऐवजी अंडी, पनीर, पालेभाज्या, भरीत, ताक आणि मूठभर शेंगदाणे. आम्ही खान्देशातले. दाण्याचा कूट आमच्या प्रत्येक भाजीत पडतो आणि भरतातसुद्धा अख्खे दाणे तळून घालतो, त्यामुळे ते काही जड गेलं नाही. जड गेली भाकरी. कळण्याची भाकरी समोर असताना अर्धीवर हात थांबवायचा, हे यांनी केलं. मी रोज बघत होते.

फेब्रुवारीत तलावाच्या रस्त्यावर एक टेबल लागायला लागलं. मोफत शुगर तपासणी. पांढरा कोट घातलेला एक मुलगा बोटाला सुई टोचायचा आणि त्याच्या शेजारी बसलेले 'सर' आकडा बघून मान हलवायचे. कोणी चहा-बिस्किट खाऊन आलाय की उपाशीपोटी आलाय, हे ते विचारतच नव्हते. आकडा कोणताही असो, उत्तर एकच, "काका, धोक्याच्या पातळीवर आहात." यांना १६८ सांगितले. मग बरणी पुढे आली. चकचकीत बरणी, वर हिरव्या अक्षरांत 'डायबेटिक फ्रेंडली कीटो पीनट बटर, शुगर फ्री, नेट कार्ब फक्त ३ ग्रॅम'. कीटो म्हणजे अगदी कमी कार्बोहायड्रेटचा आहार, आणि नेट कार्ब म्हणजे चोथा वजा करून उरलेलं कार्बोहायड्रेट. एकीची किंमत ५९९, पाच घेतल्या तर सहावी फुकट.

मी विचारलं होतं, अगदी तिथल्या तिथे विचारलं होतं, की चव गोड का लागते. सर म्हणाले, "वहिनी, दाण्याचं स्वतःचं गोडपण असतं, आणि थोडं स्टीव्हिया आहे. ते वनस्पतीचं पान आहे, साखर नाही." दाणे चांगले भाजले की गोडसर लागतात हे मलाही माहीत आहे. म्हणून पटलं. दिवसातून तीन वेळा मोठा चमचा भरून खायचा, भूक मारते, असं सांगितलं. जाता जाता हेही म्हणाले की, महिनाभरानं गोळी अर्धी केली तरी चालेल. ती गोष्ट आम्ही ऐकली नाही, हे नशीब. आमच्याबरोबर फिरणाऱ्या एका काकांनी मात्र गोळी खरंच बंद केली होती. ते मला फार उशिरा कळलं.

एप्रिलमध्ये पुन्हा रक्त तपासलं. ८.३. गोळी वाढवून, भाकरी अर्धी करून, भात सोडून फक्त एक दशांशाचा फरक. डॉक्टर म्हणाले, "बाहेर काही खाता का?" हे गप्प बसले. मी तो प्रश्न घरी घेऊन यायला नको होतं, पण मी आणला. दुकानातून येताना कचोरी खाता का, जिलबी खाता का, खरं सांगा, असं मी यांना आठ दिवसांत किती वेळा विचारलं त्याची मोजदाद नाही. एकदा शर्टाचा खिसासुद्धा तपासला. ते एवढंच म्हणाले, "माझ्या शरीरातच काहीतरी बिघडलंय, तू त्रास करून घेऊ नको." आणि त्या दिवसापासून त्यांनी उरलेली अर्धी भाकरीही सोडली. तिच्या जागी आणखी एक चमचा पीनट बटर.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला आम्ही सगळे पारोळ्याजवळच्या आमच्या गावी जातो. खापरावरचे मांडे, आमरस, सांजोऱ्या, कुरडया, सगळं घर जेवायला बसलं आणि हे ताटात काकडीचे काप आणि बरणीतले तीन चमचे घेऊन बसले. सासूबाईंना ते बघवेना. त्यांनी बोटानं थोडं चाटून पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हाई काय शे वं माय? हाई त गोड लागस!" मी त्यांना स्टीव्हियाचं सांगायला लागले. त्या उठल्या, मूठभर भाजलेले दाणे पाट्यावर वाटून आणले आणि म्हणाल्या, आता हे चाख. दाण्याचं गोडपण मागाहून, चावता चावता येतं. बरणीतलं जिभेला लागता क्षणीच गोड होतं आणि गिळल्यावर टाळूला तुपकट थर राहत होता. दोन्ही एकापाठोपाठ चाखल्यावर सांगायची गरज उरली नाही.

घरी आल्यावर मी बरणी नीट पाहिली. मागच्या बाजूला पोषणाचा तक्ता होता, पण तो कागद बरणीच्या मूळ लेबलपेक्षा जरा जाड होता आणि एका कोपऱ्यात नखाएवढा सुटला होता. ओलं फडकं गुंडाळून अर्धा तास ठेवलं, मग खोबरेल तेलाचं बोट लावत लावत हळूहळू सोडवलं. खाली दुसरं लेबल निघालं. घटक असे होते: भाजलेले शेंगदाणे ६२ टक्के, गूळ पावडर, माल्टोडेक्स्ट्रिन, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, इमल्सिफायर ४७१, मीठ. शंभर ग्रॅममध्ये कार्बोहायड्रेट ३६ ग्रॅम, त्यात साखर १७. स्टीव्हियाचं नाव कुठेच नाही. आणि छापील किंमत २८० रुपये. म्हणजे मुलांच्या ब्रेडवर लावायचं गुळाचं साधं पीनट बटर घ्यायचं, त्यावर पट्टी डकवायची आणि मधुमेही माणसाला दुप्पट भावानं विकायचं. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे. किंमत कमी करायची असेल तर पट्टी लावता येते, तीही मूळ किंमत न झाकता. इथे किंमतही झाकली होती आणि साखरही.

तरीही मी घरच्या मशीनवर खात्री करून घेतली, कारण आता मला कुणावर पुन्हा खोटा आळ घ्यायचा नव्हता. पहिल्या दिवशी यांनी सकाळी दोन अंडी आणि काकडी खाल्ली. खाण्याआधी १३२, दोन तासांनी १४१. दुसऱ्या दिवशी तेच, आणि सोबत त्या बरणीतले तीन भरलेले चमचे. आधी १२८, दोन तासांनी १९०. मी तो आकडा वहीत लिहिला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. हे माझ्या मागे येऊन म्हणाले, "म्हणजे मी चुकत नव्हतो." एवढंच.

आता मला जे कळलं ते सांगते, कारण असली टेबलं धुळ्यातही लागत असतील आणि नंदुरबारातही.

सगळ्यात पक्की कसोटी दाण्यातच आहे. शंभर ग्रॅम कच्च्या शेंगदाण्यात साधारण १६ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं, त्यातलं निम्मं चोथा, म्हणजे फायबर. प्रथिनं २५-२६ ग्रॅम, आणि तेल ४९ ग्रॅमच्या आसपास. भाजलेल्या दाण्यांच्या तक्त्यात कार्बोहायड्रेटचा आकडा २०-२१ पर्यंत दिसतो. तेव्हा शंभर ग्रॅमला ३ ग्रॅम कार्ब असलेलं नुसत्या दाण्याचं बटर होऊच शकत नाही. दाण्यातच जेवढं आहे त्याहून कमी कुठून येणार? आणि ३० च्या वर आकडा असेल तर दाण्याशिवाय दुसरं काहीतरी भरलेलं आहे. तो '३ ग्रॅम' बहुतेक वेळा एका छोट्या चमच्याचा असतो. आमच्या पट्टीवरही अगदी बारीक अक्षरांत 'प्रति १० ग्रॅम' लिहिलेलं होतं, आणि खालच्या लेबलप्रमाणे दहा ग्रॅमला एकूण कार्ब ३.६ होतं. नेहमी शंभर ग्रॅमचा रकाना बघा.

नुसती साखरेची ओळ बघून थांबू नका. माल्टोडेक्स्ट्रिन मक्यासारख्या धान्याच्या स्टार्चपासून करतात. जिभेला ते फारसं गोड लागत नाही, पण रक्तात साखर मात्र झपाट्यानं वाढवतं. लेबलवर ते साखरेत धरलं जात नाही, एकूण कार्बोहायड्रेटमध्ये जातं. त्यामुळे साखर अगदी कमी आणि कार्ब ३५ अशी बरणीही निघू शकते. गूळ, मध, खजूर हे 'नैसर्गिक' म्हणून पुढे येतात, पण मधुमेह्याच्या रक्तात शिरल्यावर ती साखरच. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते, तेव्हा गूळ किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दुसऱ्या नंबरवर दिसलं की बरणी खाली ठेवा. यादीत शेंगदाणे आणि फार तर मीठ, एवढंच हवं.

तेल वर तरंगतंय म्हणून बरणी नाकारू नका. दाण्यात निम्मं तेलच असतं, ते सुटणारच, चमच्यानं ढवळून घ्यायचं. ते सुटू नये म्हणून हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं तेल घालतात. हे आपल्याला नवीन नाही. आज जगभर विप्रो म्हणून ओळखली जाणारी कंपनी १९४५ साली आपल्या अमळनेरला सुरू झाली ती वनस्पती तूप करण्यासाठीच, तेव्हा तेलाचं तूप कसं होतं हे खान्देशच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. आमची बरणी एप्रिलच्या जळगावी उकाड्यात ओट्यावर होती आणि तेलाचा थेंब वर आला नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो धंद्याचा परवाना आहे. बरणीतला माल कुणी तपासून दिलाय असा त्याचा अर्थ नाही. आमच्या पट्टीवर तो नंबर होताच.

मी सरांकडे गेले. सोडवलेली पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली होती. आधी म्हणाले, कंपनीनं जुनी लेबलं वापरून टाकली. मग म्हणाले, तुम्ही पट्टी काढली म्हणजे वॉरंटी गेली. मग आवाज चढला. पावती म्हणून त्यांनी वहीच्या कागदावर शिक्का दिला होता, तो मी जपून ठेवला होता, आणि पैसे फोनवरून दिल्याची नोंद होती. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, फोटो जोडले, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या इथल्या कार्यालयात एक न उघडलेली बरणी लेखी अर्जासह दिली. तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला आणि न उघडलेल्या बरण्यांचे पैसे परत मिळाले. उघडलेल्यांचे नाही. टेबल तलावावरून उठलं आहे. तुमच्याकडे असं काही घेतलं असेल तर पट्टी फाडून फेकू नका. पट्टीसकट फोटो काढा, मग सोडवा, खालच्याचा फोटो काढा, आणि एक बरणी सीलबंद ठेवा.

आता मी घरीच करते. नणंद चोपड्याहून दाणे पाठवते. आधी निवडायचे, कारण सुरकुतलेले, काळे पडलेले आणि बुरशी धरलेले दाणे भाजूनही निर्धोक होत नाहीत. ती बुरशी यकृताला घातक असते. मग लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे, सालं पाखडून काढायची आणि कोमट असतानाच मिक्सरच्या लहान भांड्यात घालायचे. आधी कूट होतो, मग तो कडेला चिकटतो, तो चमच्यानं खाली ओढायचा. मधेमधे थांबायचं, नाहीतर मिक्सर तापतो. मग गोळा होतो आणि इथेच बऱ्याच जणी पाणी किंवा तेल घालतात. घालू नका. अजून दोन-तीन मिनिटं फिरवलं की गोळा एकदम चकाकतो आणि सैल होऊन वाहायला लागतो. त्यात चिमूटभर मीठ. बस.

पण हेही अमर्याद खायचं नाही. दोन सपाट मोठे चमचे म्हणजे साधारण ३२ ग्रॅम, त्यात १९० च्या आसपास कॅलरी आणि सातेक ग्रॅम कार्ब. यांना बाईंनी दिवसाला तेवढंच ठरवून दिलंय. गोळीचं मात्र डॉक्टरांशिवाय कुणाचं ऐकू नका. कार्ब खरोखर कमी केल्यावर जुनी गोळी जास्तही होऊ शकते, साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि ते फक्त डॉक्टरच बघून ठरवतील.

जुलैत यांचा आकडा ७.३ आला. ज्या काकांनी गोळी बंद केली होती, त्यांच्या घरी मी पट्टी आणि वही घेऊन गेले. त्यांच्याकडे अजून दोन बरण्या होत्या. काकूंनी ओलं फडकं आणलं, आणि आम्ही दोघींनी मिळून ती पट्टी सोडवली.