महासाथीतले मृत्यू आणि वय : एका ऑनलाइन कोर्सबद्दल

2009 साली स्वाइन फ्लूची साथ आली तेव्हा मी प्रसूती विभागात स्टाफ नर्स होते. सातव्या महिन्यातली एक मुलगी व्हेंटिलेटरवर गेली. तिच्या सासूबाई मला म्हणाल्या, "सिस्टर, मी सत्तरीची, मला साधा खोकला नाही. मग हिलाच का?" मला उत्तर देता आलं नाही. आता मी नर्सिंगच्या मुलींना शिकवते, आणि इन्फ्लुएंझाच्या महासाथींवरचा हा सहा पाठांचा रेकॉर्डेड कोर्स मी त्या एका प्रश्नापायी घेतला.

दुसऱ्या पाठासाठी तरी तो जरूर घ्यावा. नेहमीच्या हंगामी फ्लूत मृत्यूदराचा आलेख इंग्रजी 'यू'सारखा दिसतो : तान्ही बाळं आणि म्हातारी माणसं ही दोन टोकं उंच, मधला भाग सपाट. शिकवणाऱ्या बाई त्याच कागदावर 1918च्या फ्लूच्या महासाथीची रेघ हाताने काढतात. बाळांपाशी उंच, शाळकरी मुलांपाशी खाली, आणि मग रेघ पुन्हा चढायला लागते, ती थेट अठ्ठाविशीच्या आसपास टोक गाठते. 'यू'चा 'डब्ल्यू' होतो. त्या साथीतले जवळपास निम्मे मृत्यू 20 ते 40 वयातल्या माणसांचे होते. कमावत्या, लेकुरवाळ्या माणसांचे.

कारणं सांगताना बाई घाई करत नाहीत, हे मला फार आवडलं. बहुतेक मृत्यू विषाणूपाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले, आणि तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती, हे त्या ठामपणे सांगतात. पण न्यूमोनिया तरुणांनाच इतका का भोवला? 1918मध्ये अठ्ठाविशीत असलेली माणसं 1889-90च्या साथीच्या सुमाराला जन्मलेली. त्यांच्या शरीराची पहिली ओळख वेगळ्याच प्रकारच्या फ्लूशी झाली असावी आणि प्रतिकारशक्तीला चुकीचं वळण लागलं असावं, हा तर्क त्या मांडतात आणि तो तर्कच आहे हेही बजावतात.

सासूबाईंचं उत्तर चौथ्या पाठात मिळालं. 1918च्या विषाणूचे वंशज 1957पर्यंत माणसांत फिरत होते. त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या अनेकांना 2009चा एच1एन1, म्हणजे स्वाइन फ्लूचा त्याच गटातला विषाणू, अगदीच परका नव्हता. जगभरात पहिल्या वर्षी सुमारे दीड ते पावणेसहा लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, आणि त्यातले 80 टक्के पासष्टीच्या आतल्यांचे. गरोदरपणात प्रतिकारशक्तीची घडी बदलते, वाढलेल्या गर्भाशयामुळे फुप्फुसांना जागा कमी पडते. त्या मुलीच्या बाबतीत दोन्ही गोष्टी विरोधात होत्या. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर मी त्या माउलीला निदान समजावून सांगितलं असतं.

1957 आणि 1968च्या फ्लूच्या महासाथी तिसऱ्या पाठात अकरा मिनिटांत उरकल्यात. महासाथ ओसरल्यावर पुढच्या वर्षांत मृत्यूंचा भार हळूहळू तरुणांकडून परत म्हाताऱ्यांकडे सरकतो, या मुद्द्याला तर एकच वाक्य. तिथे आलेख हवाच होता.

पाचव्या पाठाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यात एक स्लाइड आहे : '2009मध्ये वृद्ध सुरक्षित होते.' हे चूक आहे. वृद्धांना लागण कमी झाली, पण ज्यांना झाली त्यांच्यात दगावण्याचा धोका तरुणांपेक्षा जास्तच होता. एकूण लोकसंख्येतले मृत्यू आणि लागण झालेल्यांतले मृत्यू, हे दोन हिशेब वेगळे. वॉर्डात उभ्या असलेल्या नर्सने ही स्लाइड खरी मानली, तर ताप आलेल्या आजोबांना ती बाकावर बसवून ठेवेल. त्याच पाठातल्या तक्त्यात 0 ते 14 असा एकच वयोगट केलाय. दहा वर्षांचं मूल हे फ्लूत सगळ्यांत कमी दगावणारं, आणि दोन महिन्यांचं बाळ सगळ्यांत नाजूक. दोघांची सरासरी काढली की बाळ दिसेनासंच होतं.

मी दोन्ही चुका कळवल्या आहेत. त्या दुरुस्त होईपर्यंत पाचवा पाठ मी मुलींना दाखवणार नाही. दुसरा दर वर्षी दाखवते. रेघ अठ्ठाविशीवर पोचली की व्हिडिओ थांबवते आणि प्रत्येकीला त्या रेघेवर स्वतःचं वय शोधायला सांगते.