नेम्ड पाइप की सॉकेट? एकाच मशीनवरच्या दोन प्रोग्रॅमसाठी काय घ्यावं

एकाच मशीनवर दोन प्रोग्रॅम चालतायत. एक सेन्सरचे आकडे गोळा करतो, दुसरा ते डेटाबेसमध्ये टाकतो. यांना जोडायचं कसं, असा प्रश्न आला की चर्चा लगेच वेगावर जाते आणि तिथेच अडकते. सेकंदाला काहीशे छोटे निरोप असतील तर नेम्ड पाइप (नाव दिलेली नळी, एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं), युनिक्स सॉकेट (एकाच मशीनवरचं दुतर्फा कनेक्शन) किंवा टीसीपी (नेटवर्कची नेहमीची वाट), काहीही घ्या, फरक जाणवणार नाही. आधी एवढंच ठरवा: समोरून उत्तर हवंय का?

नको असेल आणि मशीन लिनक्सचं असेल, तर नेम्ड पाइप घ्या. तिकडे त्याला फिफो म्हणतात. एमकेफिफो कमांड दिली की फाइलसारखं एक नाव तयार होतं. डेटा मात्र डिस्कवर जात नाही, कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) बफरमधून, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेतून सरकतो, आणि हा बफर बहुधा ६४ केबीचा असतो. लायब्ररी नको, पोर्ट नको. ज्याला फाइल उघडता येते त्याला फिफो वापरता येतो, मग ते सी असो, पायथन असो की चार ओळींची शेल स्क्रिप्ट.

एका टर्मिनलमध्ये त्या नावावर कॅट, म्हणजे फाइल वाचून दाखवणारी कमांड, चालवा. तो गप्प बसून राहील, कारण लिहिणारा आल्याशिवाय वाचणाऱ्याचं उघडणंच पूर्ण होत नाही. उलट बाजूनेही तसंच. आता दुसऱ्या टर्मिनलमधून एको या मजकूर छापणाऱ्या कमांडने एक ओळ आत सोडा. ओळ पहिल्या टर्मिनलवर उमटते आणि कॅट लगेच संपतो. शेवटच्या लिहिणाऱ्याने पाइप बंद केला की वाचणाऱ्याला फाइल संपल्याचं कळतं. सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ही डोकेदुखी आहे. लिनक्सवर वाचणाऱ्यानेच पाइप वाचन-लेखन अशा दोन्ही मोडमध्ये उघडून ठेवला तर ती टळते, पण पॉझिक्स (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीचं प्रमाण) या वागण्याची हमी देत नाही.

अनेक प्रोग्रॅम एकाच पाइपमध्ये लिहिणार असतील तर ४,०९६ हा आकडा लक्षात ठेवा. एका राइट कॉलमध्ये (कर्नलला लिहायला सांगण्याच्या एका खेपेत) एवढे बाइट किंवा कमी असतील तर दोघांच्या ओळी एकमेकींत मिसळत नाहीत, ही कर्नलची हमी. त्यापुढे हमी नाही. गोम अशी की पायथनचं प्रिंट किंवा सीचं प्रिंटएफ समोर टर्मिनल नसेल तर मजकूर आपल्याकडे साठवतं आणि बफर भरल्यावर एकदम ढकलतं. मग ओळ मधेच तुटते आणि हमीचा उपयोग राहत नाही. म्हणून प्रत्येक ओळीनंतर फ्लश करा, म्हणजे साठलेला मजकूर लगेच पुढे ढकला.

आणखी एक खोडी गुपचूप नडणारी आहे. पाइप तयार करायचा राहिला आणि शेलने त्याच नावावर लिहिलं, तर साधी फाइल तयार होते. एरर नाही, काही नाही, फाइल आपली फुगत राहते. तसाच पाइप टेंपमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत, ठेवण्याचा मोह टाळा. बऱ्याच नव्या सिस्टिमवर तिथल्या दुसऱ्या यूजरच्या फिफोत शेलने लिहायला गेलं की परमिशन नाकारली जाते, अगदी रूटलासुद्धा (सर्वाधिकार असलेल्या यूजरला). प्रोग्रॅम सर्व्हिस म्हणून (पडद्यामागे सतत) चालत असेल तर रन या सिस्टिमच्या डिरेक्टरीखाली स्वतःची डिरेक्टरी करून घ्या.

उत्तर हवं असेल तर दोन फिफो करून जमवणारे आहेत. माझं मत: करू नका. दोन क्लायंट (विचारणारे प्रोग्रॅम) आले की कोणाचं उत्तर कोणी वाचलं याचा पत्ता लागत नाही. इथे युनिक्स डोमेन सॉकेटच हवं. प्रत्येक क्लायंटला वेगळं कनेक्शन मिळतं, बोलणं दोन्ही बाजूंनी होतं, आणि लिनक्सवर समोरच्या प्रोसेसचा यूजर कोण हे थेट कर्नललाच विचारता येतं. कंटेनर चालवणारं डॉकर आणि पोस्टग्रेस डेटाबेस याच वाटेने बोलतात. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या क्लायंटला लिनक्सवर लोकलहोस्ट सांगितलं तर तो सॉकेटने जोडतो, १२७.०.०.१ सांगितलं तर टीसीपीने.

त्रासही आहेत. प्रोग्रॅम बंद पडला तरी सॉकेटची फाइल मागे राहते आणि पुढच्या वेळी पत्ता आधीच वापरात असल्याची एरर येते, म्हणून सुरुवातीला जुनी फाइल काढावी लागते. लिनक्सवर पाथला जागा १०८ बाइटचीच. आणि शेलमधून एकोने त्यात लिहिता येत नाही, सोकॅटसारखं वेगळं टूल लागतं.

लूपबॅकवरचं (मशीन स्वतःशीच बोलतं त्या १२७.०.०.१ पत्त्यावरचं) टीसीपी तेव्हाच, जेव्हा उद्या एक प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवर जाण्याची खरंच शक्यता आहे. फाइल परमिशनचं कुंपण तिथे नसतं. मशीनवरचा कुठलाही यूजर त्या पोर्टला जोडू शकतो, म्हणून पासवर्ड किंवा टोकन तुम्हालाच बघावं लागतं. आणि व्हिडिओ फ्रेम पाठवायच्या असतील तर थेट शेअर्ड मेमरीकडे (दोन्ही प्रोग्रॅमना दिसणाऱ्या सामायिक मेमरीकडे) वळा. १९२० बाय १०८० ची एक रंगीत फ्रेम सुमारे ६२ लाख बाइटची असते. ६४ केबीच्या पाइपमधून ती न्यायची तर तो ९५ वेळा भरावा लागेल.

विंडोजवर मात्र हा सगळा हिशोब बदलतो. तिथला नेम्ड पाइप नावापुरताच फिफोचा भाऊ. तो दोन्ही दिशांनी चालतो, प्रत्येक क्लायंटला पाइपचा वेगळा इन्स्टन्स (स्वतंत्र प्रत) देतो आणि मेसेज मोडमध्ये निरोपांच्या सीमाही सांभाळतो. नेटवर्कवरूनही त्याला जोडता येतं, त्यामुळे ते नको असेल तर पाइप तयार करतानाच दूरचे क्लायंट नाकारणारा फ्लॅग द्या. विंडोजवर सर्व्हिस आणि तिची खिडकी जोडायची असेल तर मी दुसरं काही शोधणार नाही. युनिक्स सॉकेट विंडोज १० मध्ये आलं खरं, पण पायथनसारख्या भाषांमधला त्याचा आधार आधी तपासून घ्या.

डॉटनेट (मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅमिंग प्लॅटफॉर्म) वापरणाऱ्यांनी जरा जपून. त्यातला नेम्ड पाइपचा क्लास लिनक्सवरही चालतो, पण आतून तो युनिक्स सॉकेट वापरतो. एका बाजूला डॉटनेट आणि दुसरीकडे एमकेफिफोने केलेला पाइप असेल, तर नाव एकच देऊनही ते कधीच भेटणार नाहीत. अशा वेळी डॉटनेटमध्ये फिफो साध्या फाइलसारखा उघडा.