पीटीच्या तासाला जोडीचा खेळ: शर्यत, झुंज की फुगडी?

60 मुलांचा वर्ग, 35 मिनिटांचा तास, त्यातली निदान पाच मिनिटं रांगेने मैदानावर येण्यात जाणार. एवढ्या वेळात जोडीचा खेळ घ्यायचा तर माझा पहिला प्रश्न एकच असतो: एका वेळी किती मुलं हलतील?

या एका प्रश्नावरच तीन पायांची शर्यत मागे पडते. स्नेहसंमेलनात ती मजा आणते, पण तासाला? 30 जोड्या, एका वेळी पाच धावणार, म्हणजे सहा फेऱ्या. पाय बांधणं-सोडणं धरून फेरीला दोन मिनिटं लागली तरी बारा मिनिटं गेली आणि प्रत्येक मूल धावलं जेमतेम वीस सेकंद. बाकीचे सावली शोधत बसतात नाहीतर भांडतात. एकानं पाय धरायचे आणि दुसऱ्यानं हातांवर चालायचं, ती हातगाडीची शर्यत बरी. त्यात बांधाबांध नाही, खांदे आणि पोट दोन्ही कामाला लागतात. पण पाय घोट्याशी न धरता गुडघ्याच्या वर धरायला सांगा, मनगटांवरचा भार खूप हलका होतो. मार्चमधल्या दुपारी सिमेंटच्या पटांगणावर हा खेळ घेऊच नये, तळहात भाजतात. मुली फ्रॉकच्या गणवेशात असतील त्या दिवशीही नको.

झुंजीच्या खेळांत सगळ्या जोड्या एकदम खेळतात. पण दोन झुंजींत फरक आहे. कोंबड्यांच्या झुंजीत हाताची घडी घालून, एका पायावर लंगडत खांद्यानं धक्का मारायचा आणि पाय टेकला की बाद. मुलांना ती प्रचंड आवडते, पण तिथे वजन जिंकतं. चाळीस किलोच्या पोरासमोर पंचवीस किलोचं उभं केलं की निकाल आधीच लागलेला. शिवाय माती किंवा गवत हवं, फरशीवर पडलं तर कोपर फुटायचं.

गुडघ्याला हात लावण्याच्या खेळात मात्र चपळाई जिंकते. समोरासमोर हातभर अंतरावर, गुडघे वाकवून उभं राहायचं, आपला गुडघा वाचवत समोरच्याच्या गुडघ्याला तळहात लावायचा, तीन गुणांचा डाव. अर्ध्या मिनिटात धाप लागते. कुस्तीचा पवित्रा आणि कबड्डीचं पदलालित्य यातून आपसूक येतं. धोका एकच, दोघं एकदम वाकले की डोकी आपटतात. म्हणून ‘नजर समोरच्याच्या छातीवर’ हा नियम आधी, शिट्टी नंतर. जोड्या एका ओळीत लावा आणि प्रत्येक डावानंतर जिंकलेल्याला एक जागा वर, हरलेल्याला एक जागा खाली पाठवा. पाच-सहा डावांत बरोबरीचे गडी आपोआप समोरासमोर येऊ लागतात आणि हरणाराही लगेच पुढच्या डावात असतो. एकच खेळ निवडायचा तर मी हाच निवडेन.

फुगडीत हार-जीत नाही, म्हणून काही शिक्षक तिला खेळातच धरत नाहीत. हे मला पटत नाही. हातांची फुली, पायांची बोटं जुळवलेली, कोपरं ताठ आणि दोघांनी सारखंच मागे झुकायचं. एकानं अंग सैल सोडलं की तोल गेलाच. इथे उंची-वजन जुळवूनच जोड्या लावा, घामेजलेले हात पुसायला लावा आणि थांबताना आधी वेग कमी करून मगच हात सोडायचे, हे दोन-तीनदा करून घ्या. मुलगे ‘हा मुलींचा खेळ’ म्हणून नाक मुरडतात. वारीत टाळ-मृदुंगाच्या गजरात मोठमोठे वारकरी फुगडी घालतात, त्याचा एखादा व्हिडिओ दाखवा. आव्हानच हवं असेल तर बसफुगडी तीस सेकंद टिकवायला सांगा, मांड्या बोलतील. चक्कर येणाऱ्या मुलांना मात्र आग्रह करू नका.

पाचवीच्या खाली झुंजी टाळून फुगडीच घ्या. सहावीपासून पुढे गुडघ्याचा खेळ बिनधास्त. हजेरी विषम भरली तर उरलेल्याच्या हाती शिट्टी द्या आणि दर डावाला ओळीतल्या शेवटच्या गड्याशी त्याची अदलाबदल करा.