टर्म्स ऑफ ट्रेडचा ऑनलाइन कोर्स : आकडे भारी, पण ऐन मोक्याला हात आखडता

नॅशनल इन्कम अकाउंटिंगचा रेकॉर्डेड कोर्स केला, त्यातल्या फक्त टर्म्स ऑफ ट्रेड म्हणजे व्यापारशर्तींच्या (आयातीच्या भावांच्या तुलनेत निर्यातीचे भाव किती) भागाबद्दल लिहितोय, बाकीचा ठीकठाक, पळवत बघितला तरी चालतो.

सर नुसतं सूत्र लिहून मोकळे होत नाहीत, सरळ आकडे घेतात, हे जाम आवडलं. समजा जीडीपी 1000, निर्यात 100, आयात 100. पुढच्या वर्षी सगळं तेवढंच, फक्त निर्यातीचे भाव 20 टक्क्यांनी चढले. रिअल जीडीपी जागचा हलत नाही कारण तो स्थिर किमतींना मोजतात, पण तेवढाच माल विकून आता 120 ची आयात परवडते, म्हणून रिअल जीडीआय, म्हणजे देशांतर्गत उत्पन्न, होतं 1020. कुणी तासभर जास्त राबलं नाही तरी देशाची ऐपत 2 टक्क्यांनी वाढली! उलटंही होतं, 1973-74 मध्ये तेल 3 डॉलरच्या आसपास होतं ते 11-12 वर गेलं, तेव्हा तेल विकत घेणाऱ्या देशांना तेवढ्याच तेलासाठी कितीतरी जास्त माल बाहेर द्यावा लागला.

पण पुढे गाडी अडते. हा 20 चा फायदा येतो कारण निर्यात वजा आयात, म्हणजे 120 वजा 100, याला आयातीच्या किंमत निर्देशांकाने (भाव आधीच्या किती पट झाले तो आकडा, इथे 1) भागलंय. निर्यातीच्या निर्देशांकाने करून बघा, 20 भागिले 1.2, उत्तर 16.67. मग खरं कुठलं? यावर जाणकारांचंच एकमत नाही, 2008 च्या एसएनए मॅन्युअलनेही (राष्ट्रीय हिशेब कसे मांडायचे याची आंतरराष्ट्रीय नियमावली) निवड ज्या त्या देशाच्या सांख्यिकी खात्यावर सोडलीय, आणि कोर्समध्ये एवढा मोठा मुद्दा दोन वाक्यांत गुंडाळलाय. चिडचिड झाली खरं तर.

दुसरं म्हणजे जीडीआयवरच थांबलेत. उदाहरण ऑस्ट्रेलियाचं, चीनच्या मागणीमुळे लोहखनिज आणि कोळसा महागला आणि 2011 मध्ये तिथल्या व्यापारशर्ती शिखरावर होत्या, सगळं बरोबर, पण तिथल्या खाणींची बरीचशी मालकी परदेशी, नफ्यातला तेवढा वाटा बाहेर जातो, तो वजा केल्याशिवाय त्याला राष्ट्रीय उत्पन्न कसं म्हणणार? कोर्सच्या नावातच 'राष्ट्रीय उत्पन्न' आहे राव!

सोबतची एक्सेल शीट मात्र छान आहे, निर्देशांक बदलून स्वतः खेळता येतं, मी तर लेक्चरपेक्षा तिच्यावरच जास्त शिकलो. 5 पैकी साडेतीन. परीक्षेपुरतं हवं असेल तर बिनधास्त घ्या, आकडेवारीत काम करत असाल तर डिफ्लेटरचं, म्हणजे भागायला कुठला किंमत निर्देशांक घ्यायचा ते, दुसरीकडे वाचावं लागेल.