कढई टिकली, दुकान सुटले

भांडी विकणाऱ्या या ऑनलाइन दुकानाशी माझा संबंध तक्रारीनेच जुळला आणि तक्रारीनेच तुटला, म्हणून हे परीक्षण मालापेक्षा तक्रार हाताळण्याच्या रीतीविषयी अधिक आहे. मालाबद्दल इतकेच की भांडी जाड बुडाची असतात आणि किंमत वाजवी असते.

२०२२ साली मागवलेल्या स्टीलच्या कढईचा एक कान हलत होता. फोटो पाठवल्यावर तासाभरात एका बाईंचा फोन आला. कढईवरचा शिक्का समोर धरल्यावर डावीकडचा रिवेट सैल आहे की उजवीकडचा, एवढेच त्यांनी विचारले आणि चौथ्या दिवशी नवी कढई इंदिरानगरला घरपोच आली. आपली तक्रार कोणीतरी खरोखर वाचली आहे, हे मला त्या एका प्रश्नावरून कळले. पुढे तवा, पातेली, भाचीच्या लग्नातला आहेर, सारे काही मी तिथूनच घेतले. इतरत्र शे-दोनशे रुपयांनी स्वस्त मिळत असतानाही.

या वर्षी मागवलेल्या कुकरच्या झाकणाला पोचा आलेला होता. या खेपेस बोलायला माणूसच नव्हता. चॅटवर तेच फोटो तीनदा मागण्यात आले, तिन्ही वेळा दिलगिरी व्यक्त झाली (दिलगिरीत त्यांनी कधीच हात आखडता घेतला नाही) आणि पाचव्या दिवशी ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा संदेश आला, तेव्हा कुकर माझ्या ओट्यावरच होता. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी लागते. संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडलेल्या त्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर मी ईमेल केला, पण पोच आली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर मात्र आठवड्यात सगळे पैसे परत मिळाले.

हिशेब चुकता झाला, हे मान्य करायला हवे. तरीही जे पूर्वी एका फोनवर होत असे, त्यासाठी बाहेरच्याला मध्ये घालावे लागले, आणि हे मला पोच्यापेक्षा जास्त लागले. कुकर मी भांडी बाजारातून आणला. दुकानदाराने झाकण दोनदा लावून दाखवले आणि मगच बिल केले. ती कढई अजून रोज वापरात आहे, पण तिच्या मापाचे झाकणही मी त्याच फेरीत तिथूनच घेतले.