फोमबोर्डचं पुष्पक: एक पावसाळा काढल्यानंतर

दिवाळीच्या सुट्टीत कापायला घेतलेलं रिमोटवर उडणारं मॉडेल विमान नारळी पौर्णिमा उलटून गेली तरी उडतंय, म्हणून लिहायला बसलो. विमान उडवायचं कसं, हा विषय इथे नाही. फक्त फिनिशिंगबद्दल लिहितोय. कागद, पुट्टी, रंग, अक्षरं, आणि त्यातलं आमच्या रत्नागिरीच्या हवेत काय टिकलं.

याआधीचं माझं ट्रेनर, म्हणजे हात बसवायचं शिकाऊ मॉडेल, एकाच पावसाळ्यात गेलं. पडून नव्हे, सर्दावून. माळ्यावर ठेवलं होतं. श्रावणात खाली काढलं तर कडांना कागदाचे पापुद्रे सुटलेले, पंखाखाली काळपट बुरा, आणि शेपटी पापडासारखी वाकलेली. आई म्हणाली, "टाक आता ते, घरभर वास येतोय." तेव्हा डोक्यात शिरलं की फोमबोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मध्ये फोम. फोमला पाण्याचं काही नाही, पाणी पितो तो कागद. आणि तो पितो कापलेल्या कडेतून. वरून कितीही देखणा रंग द्या, कड उघडी असली की संपलं.

म्हणून या वेळी ठरवलं, आधी कडा, मग सौंदर्य.

मॉडेल निवडलं एचएएलचं पुष्पक. १९५८ साली पहिल्यांदा उडालेलं, फ्लाइंग क्लबांमध्ये शिकवण्यासाठी वापरलेलं, शेजारी शेजारी दोन जण बसतात असं छोटं विमान. डिझाइनमागे डॉ. वि. मा. घाटगे, एचटी-२ या ट्रेनर विमानाचे डिझाइनर. मराठी माणसाचं विमान म्हणून थोडा अभिमान, हे कबूल, पण खरं कारण वेगळं. पुष्पकच्या अंगाच्या बाजू सपाट आहेत, पंख वर आहे आणि सगळं कापडाने मढवलेलं आहे. पाच मिलिमीटरच्या बोर्डाला याहून सोपा आकार मिळणार नाही. मूळ पंख साधारण ११ मीटरचा, मी एकास दहा घेतलं, म्हणजे ११० सेंटिमीटर.

बोर्डाबद्दल एकच सांगतो. दुकानात "फोमबोर्ड" मागितलं की बऱ्याचदा सनबोर्ड पुढे करतात, जाहिरातींच्या पाट्यांना वापरतात ते. ते पीव्हीसीचं, पाण्याला भीत नाही, पण वजनाला भारी. हातात घेतलं की कळतं. ते घेऊ नका.

कडा बंद करायला पहिल्यांदा भिंतीची पुट्टी वापरली, घरी शिल्लक होती म्हणून. पांढऱ्या सिमेंटवाली. वाळली, छान घासली गेली, आणि पहिल्या धक्क्यालाच टवके उडाले. शिवाय जड. दुसऱ्यांदा पाण्यावर चालणाऱ्या पीयू वार्निशमध्ये टाल्कम पावडर कालवली, दाटसर ताकासारखी. हे मात्र जमलं. ब्रशने कडेला दोन हात, मधे ३२० नंबरचा पॉलिश पेपर, आणि त्यावर ब्राऊन पेपरची सेंटिमीटरभर पट्टी त्याच वार्निशने चिकटवायची. दहा महिन्यांत या पट्ट्यांपैकी एकच सुटली, डाव्या पंखाच्या मागच्या कडेला, दोनेक सेंटिमीटर. तिथे मी घाईत पट्टी कोरडीच दाबली होती.

सुतारकामाचा पांढरा गोंद पाणी घालून वापरायचा सल्ला सगळीकडे मिळतो. कोरड्या गावाला ठीक असेल. माझ्याकडे उजव्या एलिव्हेटरवर, म्हणजे शेपटीच्या आडव्या हलत्या फळीवर, मी तोच वापरला होता, तुलनेसाठी मुद्दाम. जुलैमध्ये तिथे बोट लावलं की चिकट लागायचं. वार्निशवाली डावी बाजू कोरडी ठणठणीत.

आता ज्यात मला सगळ्यात मजा आली ते. कापडाने मढवलेल्या पंखावर आतल्या फासळ्या उठून दिसतात. त्या दिसल्या नाहीत तर पंख म्हणजे रंगवलेली फळी. मी काय केलं, पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत साधा शिलाईचा दोरा ताणून, तीन तीन सेंटिमीटरवर चिकटवला. वर आणि खाली. मग पांढरा पतंगी कागद घेतला. रंगीत घेऊ नका, रंग सुटतो. कागद कोरडाच पसरला आणि मधून कडेकडे ब्रशने पातळ वार्निश मारत गेलो. ओला असताना कागद सुरकुततो, काळजात धस्स होतं. हात लावायचा नाही. पंख्याखाली तासाभरात तो ताणला जातो, आणि दोऱ्यावर एक बारीक उंचवटा राहतो, त्याच्या दोन्ही बाजूंना किंचित उतार. सकाळच्या तिरप्या उन्हात धरलं तेव्हा माझा मीच बघत राहिलो.

पण कागद ताणला जातो म्हणजे पंखही ओढतो. मी हौसेने आधी वरची बाजू पूर्ण केली आणि झोपलो. सकाळी पंखाचं टोक बोटभर वर उचललेलं. दुसऱ्या दिवशी खालची बाजू मढवली, पाटावर पालथा घातला आणि वर तांदळाची पाच किलोची पिशवी दोन रात्री. बराचसा सरळ झाला, पण अजूनही विमान उजवीकडे थोडं झुकतं, रिमोटवर ट्रिम द्यावी लागते, म्हणजे ते सरळ राहावं अशी कायमची थोडी दुरुस्ती. दोन्ही बाजू एकाच बैठकीत करायच्या, हे आता कळलं.

रंगाच्या बाबतीत एक मार खाल्ला. सगळं पाण्याच्या अ‍ॅक्रिलिकने रंगवलं आणि इंजिनच्या झाकणाजवळचा चंदेरी पट्टा तेवढा गाडीच्या स्प्रेने मारला. "कागद आहे की वर, काय होतंय?" कागदावर काहीच झालं नाही. पण हवा जायला कापलेल्या दोन भोकांतून स्प्रे आत गेला आणि फोम डोळ्यांदेखत विरघळून आत बसला. थिनर पॉलिस्टायरीनला, म्हणजे या फोमला, खातोच. इन्स्टंट ग्लूचंही तेच.

दुसरी चूक नजरेची होती. मी शुद्ध पांढरा आणि भडक लाल घेतला. टेबलावर झकास, सड्यावर, म्हणजे इथल्या उघड्या कातळपठारावर, नेलं तर खेळणं. खरं विमान आपण लांबून बघतो, मधल्या हवेने त्याचा रंग फिका झालेला असतो. लहान मॉडेलला तो फिकेपणा आपण द्यायचा. पांढऱ्यात थेंबभर करडा, लालात थोडा पांढरा. आणि चकाकी कमी. शेवटचा वार्निशचा हात सॅटिन द्या. पूर्ण मॅट दिसायला उत्तम, पण हाताचा घाम, तेल, सगळं धरून ठेवतो.

रिव्हेटबद्दल, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांबद्दल, थोडं भांडायचंय. पेनाने अंगभर ठिपके काढायची एक साथ आली आहे. अहो, कापडाच्या पंखाला रिव्हेट कुठून आले? पुष्पकला पत्रा फक्त नाकाशी. तिथे ०.५ च्या पेन्सिलने पत्र्याच्या जोडाची एक रेघ, चार स्क्रू, बस. एक्झॉस्टच्या मागे काजळी म्हणून चुलीतल्या कोळशाची पूड कोरड्या ब्रशने मागच्या दिशेला ओढली आणि वरून वार्निश. यावर सगळे जण फसतात, अगदी हात लावून बघतात.

नाकाचं झाकण कोल्ड्रिंकच्या बाटलीचं. लाकडाचा ठोकळा घासून आकार दिला, बाटलीत घातला आणि हीटगनने बाटली त्यावर आवळली. तीन बाटल्या वाया गेल्या. खिडक्या पारदर्शक फाइलच्या प्लास्टिकच्या, चौकटी काळ्या कागदाच्या.

अक्षरं हा प्रश्न मात्र अनपेक्षित सुटला. इंकजेटवर छापलेली स्टिकर्स पहिल्याच दमट सकाळी ओघळली. मग बाजारातल्या रेडियमवाल्याकडे गेलो, जो गाड्यांच्या नंबरप्लेट करतो. त्याला विमानाचा नोंदणी क्रमांक, म्हणजे भारतीय विमानांवर असतं ते व्हीटी आणि पुढची तीन अक्षरं, काळ्या व्हायनिलमध्ये कापून मागितली. त्याने विचारलं, "गाडी कुठली?" विमान म्हटल्यावर त्याने कटर थांबवला आणि आधी फोटो बघितला. पन्नास रुपये घेतले. आजही एक कोपरा उचललेला नाही.

आता वजन. किचनच्या काट्यावर प्रत्येक टप्पा मोजला, वहीत लिहिला. फिनिशिंगने एकूण ७८ ग्रॅम वाढवले, त्यातले २२ एकट्या शेपटीवर, कारण तिथे मी हौसेने रंगाचे तीन हात दिले. शेपटी गुरुत्वमध्यापासून लांब, नाक जवळ. मागे चढलेला एक ग्रॅम तोलायला पुढे जवळजवळ तीन ग्रॅम लागतात. बॅटरी अगदी नाकात सरकवूनही भागलं नाही, मासेमारीच्या जाळ्याचं शिसं घालावं लागलं. आधी छान तरंगत उतरायचं, आता जरा वेगातच आणावं लागतं. शेपटीला एकच पातळ हात द्या. लांबून कोणाला कळत नाही.

उडवतो ते सड्यावर, विमानतळापासून बरंच लांब, पहाटे मतलई वारा पडता पडता. आठ वाजले की खारा वारा सुरू होतो आणि इतक्या हलक्या विमानाला तो झेपत नाही. जांभ्यावर उतरताना पोट घासतं, म्हणून पोटाला ब्राऊन पेपरचा दुसरा थर दिलाय. चाकांना आणि पोटाला जी लाल धूळ बसते ती मी पुसत नाही. तशी छटा रंगाने आणायला गेलं तर जमत नाही.

खाऱ्या हवेने कंट्रोलच्या तारा मात्र महिन्यात गंजल्या आणि गंजाचे ओघळ पांढऱ्या रंगावर आले. दिसायला खरे वाटतात, पण सर्व्हो, म्हणजे त्या तारा हलवणारी छोटी मोटर, अडकायला लागला. आता स्टेनलेसच्या तारा आणि दर आठवड्याला शिलाई मशीनचं तेल. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलं तेव्हा ग्लूगनचे जोड मऊ पडून पंखाच्या खालचे तिरके टेकू निसटले. तेव्हापासून गाडीत ठेवत नाही. पावसाळाभर ते बाहेरच्या खोलीत पंख्याच्या हुकाला दोन दोऱ्यांनी टांगलेलं होतं, भिंतीला टेकवलेलं नाही. बुरा आला तो फक्त कॉकपिटच्या आत, जिथे मी वार्निश द्यायला विसरलो. पायलटच्या थर्माकोलच्या डोक्याला हिरवट दाढी आली आहे. खिडकी कापल्याशिवाय आत हात जात नाही, आणि खिडकी कापायला मन होत नाही.