भाचीला घरी आणायचंय: दत्तक घ्यावं की पालकत्व?

बहीण-मेहुणे दोघंही गेले, मागे सात वर्षांची भाची राहिली. तिनं मामाकडे राहावं यावर घरात कुणाचंच दुमत नाही. अशा घरात दिवसकार्य आटोपलं की पहिला सल्ला येतो, "सरळ दत्तक घेऊन टाका." सल्ला मायेचाच असतो, पण 'घेऊन टाकण्या'सारखी ती गोष्ट नाही. दत्तक दिलेल्या मुलाचं जन्मघराशी असलेलं कायदेशीर नातं तुटतं आणि नव्या घराशी जुळतं. मूल नुसतं नीट सांभाळायचं असेल तर 1890 च्या पालक आणि पाल्य अधिनियमाखाली जिल्हा न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक करून घेता येते.

या नेमणुकीनं भाचीचं नाव-आडनाव बदलत नाही, दाखल्यावरचे आई-वडीलही तेच राहतात. शाळा, दवाखाना, पासपोर्ट, बँक इथं सही मात्र तुमची. सातबारावर 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता अशी नोंद पाहिली असेल, तोच हा प्रकार. तिच्या नावावरचं घर किंवा जमीन विकायची, गहाण ठेवायची किंवा पाच वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर न्यायालयाची परवानगी लागते. न्यायालय हिशेब मागू शकतं, पालकाला काढूही शकतं. "आमच्यावर अविश्वास?" असं वाटून काहीजण इथंच नाराज होतात. पण मेहुण्यांच्या फ्लॅटवर चार नातलगांचा डोळा असेल तर ही अट भाचीच्या फार कामी येते.

पालकत्वाच्या उणिवा दोन, आणि त्या लहान नाहीत. मूल 18 वर्षांचं झालं की पालकत्व संपतं. आणि केवळ पालकत्वानं पाल्य तुमचं वारस होत नाही. तुमच्या मागे तिला काही मिळावं असं वाटत असेल तर मृत्युपत्र करावंच लागतं.

दत्तकात हे दोन्ही प्रश्न सुटतात. मूल कायमचं तुमचं, वारसाहक्कासकट, आणि हिंदू कायद्याप्रमाणे झालेलं वैध दत्तक मागाहून रद्द करता येत नाही. आई-वडिलांकडून तिच्या नावावर जे आधीच आलं आहे, ते तिचंच राहतं. अडचण होते ती अजून न आलेल्या वाट्याची. समजा, भाचीचे वडिलांकडचे आजोबा हयात आहेत आणि स्वकष्टार्जित घर त्यांच्या नावावर आहे. ते मृत्युपत्र न करता गेले तर आधी गेलेल्या मुलाची मुलगी म्हणून भाची पहिल्या वर्गातली, म्हणजे सगळ्यांत आधी हक्क असणारी वारस. तुम्ही तिला दत्तक घेतलंत की तो हक्क गेला. वडिलोपार्जित जमीन असेल तर गुंता आणखी वाढतो, तेव्हा कागद घेऊन वकिलाकडे जाणंच बरं.

शिवाय दत्तकाचे रस्तेही दोन. 1956 चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी. त्यात तुम्हाला स्वतःची मुलगी असेल तर मुलगी दत्तक घेता येत नाही, मुलगा किंवा मुलाचा मुलगा असेल तर मुलगा घेता येत नाही. पुरुषाला मुलगी घ्यायची तर वयात किमान 21 वर्षांचं अंतर हवं, म्हणजे 26 वर्षांचा मामा इथंच बाद. दुसरा रस्ता 2015 च्या बाल न्याय कायद्याचा. त्यात नातलगाचं मूल कोणत्याही धर्माच्या नातलगाला घेता येतं. स्वतःची मुलं आड येत नाहीत आणि वयाचे निकषही नात्यातल्या दत्तकाला लावले जात नाहीत. आई-वडील नसल्यानं बाल कल्याण समितीची परवानगी लागते, आणि मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही संमती. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी दत्तक मिळत नाही, मग तो सख्खा मामा का असेना. हे मला आजवर पटलेलं नाही.

मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांना पूर्वी बहुतेक वेळा पालकत्वावरच थांबावं लागे. 2015 च्या आधीच्या, 2000 च्या बाल न्याय कायद्यानं वाट मोकळी केली आणि 2014 मध्ये शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्याला या कायद्यानं दत्तक घ्यायचं आहे त्याला त्याच्या धर्माचा व्यक्तिगत कायदा अडवू शकत नाही. ज्याला घ्यायचं नाही त्याच्यावर सक्तीही नाही. 2021 च्या दुरुस्तीनं 2015 च्या कायद्याखालचे दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले, ती 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली. हेतू विलंब टाळण्याचा होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदीय समितीनं दोन्ही दत्तक कायद्यांचा मेळ घालणारा, सर्व धर्मांना लागू होणारा एकच कायदा करावा असं सुचवलं. खरी उणीव मला वेगळी दिसते. फ्रान्समध्ये जन्मघराचं नातं शाबूत ठेवणारं 'साधं' दत्तकही आहे. आपल्याकडे नातं एक तर पूर्ण तोडायचं, नाही तर 18 व्या वर्षी संपणारं पालकत्व घ्यायचं. मधली पायरीच नाही.

मूल तान्हं असेल, त्याला दुसरे आई-बाप ठाऊकच नसतील, तर दत्तकच घ्यावं. सात वर्षांच्या भाचीला आई आठवते, आजोबांकडे सुट्टीला जायचं असतं. तिथं मी आधी पालकत्व घेईन. पालकत्वावरून पुढे दत्तकाकडे जाता येतं. 1956 च्या कायद्यात तर आई-वडील हयात नसताना न्यायालयाच्या पूर्वपरवानगीनं पालकानं मूल स्वतःलाच दत्तक देण्याची सोय आहे. दत्तकावरून परत पालकत्वाकडे मात्र येता येत नाही.

एक गोष्ट अर्ज करण्याआधी बघा. बाल न्याय कायद्यातल्या 'नातलगां'त काका, मामा, आत्या, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा एवढेच आहेत. मोठी बहीण त्यात नाही, चुलत भाऊही नाही. पाठच्या भावाला सांभाळणाऱ्या बहिणीला नात्यातल्या दत्तकाचा हा रस्ता बंद आहे. तिनं पालकत्वाचाच अर्ज करावा.